आईच्या लुगड्यांची गोधडी

प्रश्न : आईला जाऊन वर्ष होत आलं. तिची सहा सुती नऊवारी आहेत. माझ्या दोन मुलांना आजीची आठवण म्हणून गोधडी शिवायची आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : दोन मुलांना दोन गोधड्या सहज होतील. आधी प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरून पाहा. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. तो वर घेतला तर वर्षभरात फाटतो, म्हणून आतल्या थरात घाला. पदर मात्र वरच यावा, आई त्यानेच ओळखू येते.

ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का बघा. सुटणारं लुगडं वेगळं धुवा. नायलॉन किंवा रेशीम सुतीत मिसळू नका. सुती आणि ते सारखं आटत नाही आणि गोधडीला फुगे येतात.

नऊवारी साधारण २७ फूट. साडेसात फुटांचे तीन तुकडे निघतात, उरलेल्यातून कडेची पट्टी. दोन लुगड्यांचे सहा थर हिवाळ्याला पुरतात. थर सपाट पसरून मधून बाहेर कच्चे टाके घाला. मग कडेपासून आत, दोन बोटांच्या अंतराने धावदोरा. दोरा सुतीच घ्या आणि ओढू नका. ओढला की चुण्या पडतात, बहुतेक गोधड्या इथेच बिघडतात.

धुतल्यावर आईचा वास जाईल. एक लुगडं न कापता, न धुता, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट राहून बुरशी येते.