१५-१६ वर्षांच्या पोरांचा स्टॅमिना मोठ्यांपेक्षा जास्त असतो का?

तुम्ही विचारलंय की दहावीतल्या पोराचा स्टॅमिना चाळिशीच्या बापापेक्षा जास्त असायला हवा ना, मग तो लवकर का दमतो. सेम केस आमच्याकडे आहे, मी ४२ चा आणि भाचा १५ चा, रविवारी सिंहगड. आतकरवाडीतून निघालो की पहिली वीस मिनिटं त्याची पाठसुद्धा दिसत नाही, मग अर्ध्या वाटेत सरबतवाल्या मावशींपाशी साहेब लालबुंद होऊन बसलेले सापडतात आणि मी आपला बैलगाडीच्या चालीने पुढे. पण पाच मिनिटांत गडी परत ताजा! आणि सोमवारी तो ग्राउंडवर क्रिकेट खेळत असतो, मी जिना उतरताना कठडा धरतो.

म्हणजे इंजिन चांगलंच असतं हो. दर किलो वजनामागे शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं (व्हीओटू मॅक्स म्हणतात त्याला) त्यात ही पोरं फिट मोठ्या माणसाच्या आसपास असतात, खुर्चीत बसून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या तर पुढेच, रिकव्हरीही फास्ट. कमी पडते ती टाकी. हृदय, रक्त, स्नायू सगळं अजून वाढतंय, स्नायूंत साठणारं ग्लायकोजेन कमी, आणि पेस (म्हणजे शेवटपर्यंत टिकेल असा वेग धरणं) कशाशी खातात ते माहीत नसतं, हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं असं माझं मत.

केनियाचा धावपटू किपचोगेचंच बघा ना, २००३ ला पॅरिसमध्ये १८ व्या वर्षी ५००० मीटरचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, म्हणजे टीनएजर जगात पहिला येऊ शकतो, पण मॅरेथॉनचं त्याचं बेस्ट २:०१:०९ आलं बर्लिनला २०२२ मध्ये, वय ३७. आपला बीडचा धावपटू अविनाश साबळेसुद्धा बारावीनंतर आर्मीत गेला आणि स्पर्धेतलं धावणं तिथे विशीत सुरू केलं.

मुलगी असेल आणि अचानक दम लागायला लागला असेल तर आधी हिमोग्लोबिन बघा, पाळी सुरू झाल्यावर आयर्न कमी पडणं खूप कॉमन आहे. आणि गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणाला तर नाटकं करतो म्हणू नका, उंची वाढायच्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात, थोडे दिवस पळणं कमी करा, नाहीच थांबलं तर ऑर्थोपेडिकला दाखवा.

मुंबई मॅरेथॉनच्या फुललाही (पूर्ण ४२ किमीच्या शर्यतीला) १८ पूर्ण लागतात, त्यामुळे 'मलाही पळायचंय' ही भाच्याची भुणभुण मला अजून तीन वर्षं ऐकायची आहे.