वाचकांचे प्रश्न: गाडीचा कंप्युटर खरंच गेलाय का?

प्रश्न: नमस्कार सर, माझी २००६ची पेट्रोल एसयूव्ही आहे, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक गिअर. गेले तीन महिने गाडी गरम झाली की अर्धा-पाऊण तासाने अचानक बंद पडते, मग सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण धरत नाही, आणि वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला सांगणारा) बदलून झाला, फ्यूएल पंप बदलून झाला, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतोय इंजिनाचा कंप्युटर म्हणजे ईसीएम गेलाय, कारण गाडी बंद पडते तेव्हा स्कॅनर (कंप्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) कनेक्टच होत नाही. मोडीत निघालेल्या सेम मॉडेलच्या गाडीतला कंप्युटर मिळतोय, तो आणून बसवला की गाडी चालू होईल का? गाडी विकायची नाहीये, चौदा वर्षं चालवलीय मी.

उत्तर: तुमच्या पत्रात एक वाक्य फार कामाचं आहे, ते म्हणजे गाडी बंद पडते तेव्हा स्कॅनर कनेक्ट होत नाही. गरम झाल्यावर क्रँक सेन्सर मरणं हा सगळ्यात कॉमन फॉल्ट, म्हणून मेकॅनिकने आधी तो बदलला ते बरोबरच केलं, पण नुसता क्रँक सेन्सर मेला तर कंप्युटर जागा असतो आणि स्कॅनरशी नीट बोलतो. इथे तो बोलतच नाहीये, म्हणजे त्या वीस मिनिटांत कंप्युटर बहुतेक झोपलेला आहे, आणि तो का झोपतो याची मुख्य कारणं तीन: त्याला करंट मिळत नाही, त्याचा अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी अर्थिंगची वायर) तुटतोय, किंवा तो खरंच आतून बिघडलाय. पहिली दोन कारणं वायरिंगची आहेत. ती बघितल्याशिवाय कंप्युटर बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण दुरुस्तीला आलेले कितीतरी कंप्युटर मी टेबलावर लावून पाहिलेत ते ठणठणीत निघाले आणि दोष गाडीतच राहिला होता.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा बघा. इंजिन बंद आणि चावी ऑन असताना तो पेटायला हवा, तो दिवा कंप्युटरच पेटवतो. एरवी पेटणारा दिवा तेव्हा पेटला नाही तर कंप्युटर जागा नसण्याची दाट शक्यता. आणि स्कॅनरच्या सोळा पिनच्या सॉकेटमध्ये १६ नंबर पिन ते ४ नंबर पिन बॅटरीइतका व्होल्टेज आहे का तेही बघून घ्या, बऱ्याच गाड्यांत हा सॉकेट सिगारेट लायटरच्याच फ्यूजवर असतो, तो फ्यूज उडाला की स्कॅनर चालू होत नाही आणि बिचाऱ्या कंप्युटरवर आळ येतो.

मग करंट आणि अर्थ. इथे लोक मल्टीमीटर ओहमवर ठेवतात, बीप वाजली की खूश होतात, पण वायरीच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते हो, आणि त्या एका तारेवर कंप्युटर चालत नाही. म्हणून लोड देऊन तपासायचं. कंप्युटरचा कपलर म्हणजे वायरींचा प्लग काढा, मागच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा साधा बल्ब घ्या, चावी ऑन करून कपलरमधल्या पॉझिटिव्ह पिनवर एक वायर आणि अर्थच्या पिनवर दुसरी. वायरिंग डायग्रामप्रमाणे बॅटरीचा, चावीचा आणि मेन रिलेचा (कंप्युटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा) करंट कुठल्या पिनवर येतो ते शोधून प्रत्येक पिन अशी बघायची, फक्त काही गाड्यांत मेन रिले कंप्युटर स्वतःच ओढतो, तिथे कपलर काढल्यावर त्या पिनला करंट येणारच नाही, घाबरू नका, रिले वेगळा तपासा. बल्ब लख्ख पेटला तर ठीक, पिवळट मिणमिणला तर दोष सापडला. पिनमध्ये जाड टोक घुसवू नका, पिनचं तोंड फाकतं आणि मग कपलर लावल्यावर ती ढिली बसते, म्हणजे एक फॉल्ट शोधता शोधता दुसरा तयार. कपलर लावून इंजिन चालू असताना अर्थची पिन ते बॅटरीची निगेटिव्ह असं मोजलं तर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. आणि हे सगळं गाडी गरम असताना करायचं, बल्बची तपासणी तर बंद पडल्या पडल्याच, थंड गाडीत सगळं छानच दिसणार.

अजून एक गोष्ट जी फार जण विसरतात. कंप्युटर सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो, एकाच लाइनवर दोन-चार सेन्सर असतात, त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तर ते ५ व्होल्ट शून्यावर येतात आणि काही गाड्यांत त्यासोबत कंप्युटरही बसतो, स्कॅनर पण जातो. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट दिसत नसतील तर एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एसीचा प्रेशर सेन्सर. एखादा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर चोर तोच, किंवा त्याची घासलेली वायर. सगळे काढूनही आले नाहीत, वायर कुठे बॉडीला लागलेली नाही, आणि करंट-अर्थ चोख आहेत, तर मग हो, कंप्युटर गेलाय, मान्य. तुमच्यासारखा गरमवर येणारा दोष असेल तर इंजिन चालू ठेवून फक्त कंप्युटरच्या डब्याला हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतकीच ऊब द्या, बाकी काहीही गरम न करता तेवढ्याने गाडी बंद पडली तर बहुतेक आत सोल्डरला तडा गेलाय. स्कॅनरला पी०६०१ किंवा पी०६०६ असा कोड सापडला तर तो कंप्युटरच्या आतल्या मेमरीचा किंवा प्रोसेसरचा असतो, पण असा कोड बॅटरी मरतुकडी असतानाही येऊन जातो, म्हणून कोड पुसून परत येतो का बघा.

आता कंप्युटर खरंच गेला असं धरू. बदलायच्या आधी विचारायचं की हा मेला कशाने. माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षांत अशी चूक झालीय, एका गाडीचा दोन नंबर सिलिंडर मिसफायर होता, कंप्युटरमधला त्या सिलिंडरच्या कॉइलचा (ठिणगी पाडणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा पार्ट, जळालेला दिसला, मी दुसरा कंप्युटर लावला, गाडी मस्त सुरू झाली आणि चौथ्या दिवशी तोच ड्रायव्हर परत जळून आला. कॉइल शॉर्ट होती, थंड असताना नीट दाखवायची आणि गरम झाली की शॉर्ट. त्या मालकाचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी सगळ्या कॉइल आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गरम असताना मोजतो आणि एकमेकांशी ताडून बघतो, तुमच्यासारख्या पेट्रोल गाडीतल्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १६ ओहम असतो, सहापैकी पाच चौदा दाखवतायत आणि एक चार दाखवतोय तर तो आधी बाहेर. पाणी हे दुसरं मोठं कारण. काचेखालच्या वायपरच्या पट्टीत पानं साचून पाणी तुंबतं आणि वायरीवरून ओघळत कपलरमध्ये उतरतं. कपलर उघडून टॉर्च मारा, पिनच्या बुडाशी हिरवट पावडर दिसली तर पाणी आलंय, आणि ते थांबवल्याशिवाय नवा डबा लावणं म्हणजे त्यालाही त्याच पाण्यात बसवणं.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, मोडीतल्या गाडीतला आणून लावला की चालेल का. बहुतेक नाही. २००६ची गाडी म्हणजे इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असण्याची शक्यता भरपूर, त्या कंप्युटरला त्याच्या जुन्या गाडीची चावी माहीत आहे, तुमची नाही. अशी गाडी एकतर सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन दोनेक सेकंदांत बंद पडते आणि चावीचा दिवा लुकलुकतो. शिवाय मॉडेल सेम असून भागत नाही, लेबलवरचा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही जुळायला हवेत, मॅन्युअल गिअरच्या गाडीतला ऑटोमॅटिकला लावला तर गिअरच घोळ घालतील. तुमच्या जागी मी असतो तर आधी तुमचाच ओरिजिनल डबा बोर्ड दुरुस्त करणाऱ्या चांगल्या माणसाकडे दिला असता. सोल्डरचा तडा, गळलेला कपॅसिटर, जळालेला ड्रायव्हर हे सगळं दुरुस्त होतं, आणि चावी, गाडीचा चासी नंबर, सगळा डेटा तुमचाच राहतो, परत जोडलं की झालं. ते जमलं नाही तरच दुसरा डबा, आणि त्यातही तुमच्या जुन्या बोर्डवरच्या छोट्या आठ पायांच्या मेमरी चिपमधला डेटा नव्यावर घ्यायचा किंवा कंपनीच्या टूलने चाव्या परत शिकवायच्या. काही गाड्यांत एकदा चासी नंबर लिहिलेला डबा दुसऱ्या गाडीला मान्यच होत नाही, म्हणून घेण्याआधी विचारा. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, नव्यावर गाडी आठ-दहा दिवस नीट चालेपर्यंत जुना कंप्युटर कुणालाही देऊ नका, एक्स्चेंजमध्ये तर नाहीच. चिपमधला डेटा गेला की मग काम फार अवघड होऊन बसतं.

काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर, मग पाचेक मिनिटं थांबा, गाडीच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा आणि पिनांना बोट लावू नका. प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलाच पाहिजे, मध्येच व्होल्टेज पडला तर चांगला डबा तिथेच मरतो.

प्रश्न: कंप्युटर रिपेअर करून बसवला, गाडी सुरू होते पण आरपीएम वरखाली होतात आणि सिग्नलला थांबलं की बंद पडायला येते. रिपेअर चुकलंय का?

उत्तर: लगेच रिपेअरवाल्याला दोष देऊ नका. बॅटरी काढल्यावर कंप्युटर शिकलेलं विसरतो, थ्रॉटलला किती उघडायचं हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. इंजिन पूर्ण गरम करा, एसी, लाइट सगळं बंद ठेवून काही मिनिटं आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, राहू द्या, मग थोडी मोकळ्या रस्त्यावर चालवा. काही गाड्यांत स्कॅनरमधून आयडल लर्न करावंच लागतं, कुठे क्रँक लर्न पण असतं. थ्रॉटलमध्ये काळा थर असेल तर तो आधी साफ करा, नाहीतर घाणीसकटच शिकेल. तरीही दोन-तीन दिवसांत सुधारलं नाही तर व्हॅक्युमचा पाइप कुठे निघालाय का बघा, कंप्युटर काढता-घालताना तो हलतो.

प्रश्न: जम्पर केबल उलटी लागली, तेव्हापासून ईसीएमचा फ्यूज टाकला की उडतो. कंप्युटर संपला का?

उत्तर: कदाचित नाही. आधी कपलर काढून नवा फ्यूज टाका. तरीही उडाला तर शॉर्ट गाडीत आहे, अल्टरनेटरचे डायोड आणि मोठे फ्यूज तपासा. कपलर काढल्यावर टिकला आणि लावल्यावर उडतोय तर शॉर्ट बोर्डवर आहे, आणि बऱ्याच बोर्डांवर आत येणाऱ्या करंटवर एक प्रोटेक्शन डायोड असतो जो अशा वेळी स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवतो. तो बदलल्यावर कंप्युटर चालू झालेले मी पाहिलेत, म्हणून डबा टाकून देऊ नका, उघडून दाखवा, आणि तोपर्यंत मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकून बघायचा मोह अजिबात करू नका.