वाचकांचे प्रश्न : लेप्टोचे दोन अहवाल

प्रश्न : भातलावणीनंतर भावाला ताप आला. तिसऱ्या दिवशी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे जनावरांच्या मूत्राने दूषित पाणी-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) प्रतिपिंड चाचणी नकारात्मक आली, दहाव्या दिवशी सकारात्मक. खरी कोणती? गोठ्यातील गायही तपासावी का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : दोन्ही खऱ्या असू शकतात. ही चाचणी जंतू शोधत नाही. ती शरीराने जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे मोजते, आणि ती साधारणपणे 5 ते 7 दिवसांनंतरच मोजण्याइतकी वाढतात. सुरुवातीला जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर अधिक उपयोगी पडते. म्हणूनच लावणीच्या दिवसांत ताप आल्यास अहवालासाठी उपचार थांबवू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो. संशोधनात प्रमाण मानली जाते ती सूक्ष्मदर्शकाखालील समूहन चाचणी; रक्तद्रव किती पट पातळ केले तरी त्यातील प्रतिपिंडे जंतूंच्या गुठळ्या करतात, हे ती पाहते. सुमारे 2 आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांत ही पातळी चौपट, म्हणजे 1:100 वरून 1:400 झाली, तर संसर्ग ताजा समजतात.

गायीबाबत एकच आकडा फसवू शकतो. मूत्रावाटे जंतू सोडणाऱ्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडे कमी आढळू शकतात, तर लस टोचलेल्या निरोगी गायीत ती दिसतात. म्हणून पशुवैद्यकांना लसीकरणाची तारीख सांगून मूत्राच्या पीसीआरविषयी विचारावे.