डेंग्यूनंतर तीन महिने पळणं बंद आहे, पुन्हा सुरुवात कशी करू?

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर उद्याच निघा, फक्त जुना वेग विसरा. पाय मुरगळून माझे चार महिने गेले होते. पहिल्याच दिवशी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर हौसेने ५ किलोमीटर पळालो आणि पुढचे दहा दिवस कठडा धरून जिना उतरत होतो. दम लवकर परत येतो, घोटे-गुडघे मात्र सावकाश तयार होतात; फसगत तिथेच होते. मग 'काउच टू फाइव्ह के' (नवख्यांना हळूहळू ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा आठवडेवार सराव) याचा पहिला आठवडा धरला: ५ मिनिटं भरभर चालायचं, नंतर ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं. आठवड्यातून तीनदाच. काठीवाले आजोबासुद्धा पुढे जातात, जाऊ द्या! एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. मी दुसरा आठवडा तीनदा केला.