पुण्यात राहणाऱ्याने स्वस्तातली हवेची कयाक घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि पंधरा हजारांच्या आतली दोघांची, फुगवायची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घ्यायचं मनात आहे. ती टिकते का आणि चालवायची कुठे, असं विचारलंय. माझ्याकडे तशीच एक आहे, हे चौथं वर्ष. घ्या. फक्त सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचारला उठायची तयारी ठेवा. आपल्याकडे ही होडी सकाळी नऊ-दहापर्यंतच चालवायची.

याचं कारण वारा. तुम्ही जी बघताय ती इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के२ साधारण ३१२ सेंटीमीटर लांब आणि ९१ सेंटीमीटर रुंद आहे. माझीही जवळपास त्याच मापाची आहे. अशा होडीच्या बाजू जाड, उंच असतात, वजन चौदा-पंधरा किलो आणि तळ जवळजवळ सपाट. ती पाण्यात रुतत नाही, वरच तरंगते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाटामध्ये, म्हणजे होड्यांच्या कार्यक्रमात, मुलं ज्या कडक कयाक चालवतात त्या एका वल्ह्यात सरसर पुढे जातात. आपली तशी जात नाही. वल्हं थांबलं की तीही थांबते, आणि मागे वारा असेल तर तो नेईल तिकडे जाते.

हे मी पवना धरणाच्या बॅकवॉटरला शिकलो, पहिल्याच एप्रिलमध्ये. सकाळी सातला पाणी आरशासारखं होतं, तुंग आणि तिकोना हे दोन्ही किल्ले पाण्यात उलटे दिसत होते. त्या नादात आम्ही नवराबायको बरेच आत गेलो. साडेदहाच्या सुमारास पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या आणि पंधरा मिनिटांत लाटा झाल्या. जाताना ज्या अंतराला अर्धा तास लागला होता, त्याला येताना पावणेदोन तास लागले. बायको पुढे बसली होती. 'ते काठावरचं झाड बघ, आपण जिथे होतो तिथेच आहोत,' असं ती दोनदा म्हणाली, आणि ते खरं होतं. शेवटी समोरच्या काठाचा नाद सोडला, जवळच्या काठाला लागलो आणि तिथून कडेकडेने आलो. तेव्हापासून आमचा नियम असा की जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे येताना तो मागून ढकलतो. आणि सुरकुत्या दिसल्या की परत फिरायचं. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचं काही सांगता येत नाही, तेव्हा तर पाण्याजवळही नको.

खाली लावायचा तो प्लास्टिकचा छोटा पंख, स्केग, कधीही विसरू नका. तो नसला की प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे डुलतं आणि निम्मी ताकद सरळ करण्यातच जाते. मात्र काठाजवळ उथळ पाण्यात तो आधी जमिनीला लागतो आणि त्याची खाच फाटू शकते. म्हणून होडी ओढत नेऊ नका, दोघांनी उचलून गुडघाभर पाण्यात ठेवा.

फुगवण्याची कटकट फारशी नाही. ओढताना आणि दाबताना दोन्ही वेळी हवा मारणारा हातपंप असेल तर पंधरा मिनिटं पुरतात. गाडीच्या टायरचा कंप्रेसर लावू नका. टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय दाब असतो, इथे लागतो एकच्या आसपास. हवा खूप हवी, दाब नगण्य. आता यातली खरी मेख ऐका. पहाटे गार हवेत तुम्ही ती टणक फुगवता, पाण्यात गेल्यावर ती कधी कधी किंचित मऊ पडते. यात घाबरण्यासारखं काही नाही, दहा मिनिटांनी काठाला येऊन थोडी हवा भरा. पण नंतर तीच होडी नाश्त्याला बसताना उन्हात काढून ठेवली, तर आतली हवा तापते. मुळात दाब इतका कमी की वीस-पंचवीस अंशांच्या फरकाने तो दुपटीच्या वर जाऊ शकतो, आणि मग शिवण सुटते. पाण्याबाहेर काढल्याबरोबर प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. आम्ही तर होडीच्या हवेचं झाकण उघडायच्या आधी नाश्त्याचा डबा उघडायचा नाही असं ठरवलंय.

टिकते का? जाड पीव्हीसी आहे, उगाच फाटत नाही. माझी एकदाच गळाली, काठावरच्या बाभळीच्या काट्याने. छिद्र डोळ्यांना दिसतच नव्हतं. घरी गच्चीवर फुगवली, साबणाचं पाणी फडक्याने फिरवलं, तेव्हा उजव्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा येऊन फुगत राहिला. भोवती पेनाने गोल केला, हवा काढली, स्पिरिटने पुसून कोरडं केलं, पीव्हीसीचाच गोल कोपऱ्यांचा तुकडा पीव्हीसीच्या सोल्यूशनने चिकटवला आणि वर पाट ठेवून एक दिवस हात लावला नाही. सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन इथे धरत नाही.

काट्यापेक्षा मी ओलीला जास्त भितो. बाहेरून कोरडी दिसते, पण तळाच्या घड्यांमध्ये पाणी राहतं. तशीच पिशवीत कोंबली तर आठवड्यात काळे ठिपके आणि कुबट वास. तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर ती वाळवायची आहे, तेव्हा आधी गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते बघा. अर्धी फुगवून, सावलीत, घड्या फडक्याने पुसून, मग उलटी. माळ्यावर ठेवणार असाल तर उंदरांचा बंदोबस्त करा, त्यांना पीव्हीसी कुरतडायला वेळ लागत नाही.

आता कुठे. खडकवासल्यात नको. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, शिवाय तिथे दरवर्षी माणसं बुडतात. मुळा-मुठेत सांडपाणी आणि जलपर्णी, तिथे मुलीला नेऊ नका. धरणांचं पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतं, स्वतःची होडी आहे म्हणून कुठेही टाकता येत नाही. मी परवानगी घेऊन बोटिंग चालवणाऱ्यांच्या धक्क्यावरून जातो, त्यांना आधी फोन करतो आणि किती वाजता परतणार ते सांगून निघतो. त्यांना तळ माहीत असतो, मासेमारीची जाळी कुठे लावलीत ते माहीत असतं. पाणी उतरलं की काय काय वर येतं तेही त्यांच्याकडूनच कळतं. पवनेत उन्हाळ्यात वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं, म्हणजे त्याआधी काही दिवस ते दगड पाण्याखाली वीतभरच असतात. शिवाय पाणी उतरल्यावर काठाला गाळ होतो, पाय मांडीपर्यंत जातो. जुलै ते सप्टेंबर होडी घरात. तेव्हा धरणातून कधी किती विसर्ग सोडतील सांगता येत नाही, आणि नदी तर अजिबात नको. सगळ्यात छान ऑक्टोबर ते फेब्रुवारी. डिसेंबरमध्ये धुकं पूर्ण विरेपर्यंत काठ सोडायचा नाही, एवढं पाळा.

शेवटी मुलीचं. होडीबरोबर बहुतेक वेळा लाइफ जॅकेट येत नाही, आणि येईल तेही तिच्या मापाचं नसेल. तिच्या वजनासाठीचं असं लिहिलेलं, मांड्यांमधून पट्टा असलेलं जॅकेट वेगळं घ्या. दुकानातच घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून तिला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ठेवून द्या, लहान मापाचं मागा. घरी आणल्यावर एकदा तरणतलावात, तुम्ही शेजारी असताना, तिला ते घालून मुद्दाम पाण्यात पडू द्या. माझ्या भाचीला मी तसंच केलं होतं. पहिल्यांदा ती घाबरून माझा हात धरून राहिली, तिसऱ्यांदा आपणहून उडी मारली. त्यानंतरच तिला पुढच्या सीटवर बसवलं.