१२ टनी हायड्रा आपल्या शेडच्या दारात किती टनांची उरते?

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात दोन अगदी वेगळी कामे एकत्र आली आहेत. आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीने हिंगणघाट तालुक्यातील एक जुने जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना, चालवायला घेतले आहे. प्रेसचा साडेचार टनांचा सिलिंडर भाद्रपदात येणार असून तो शेडच्या दारापासून ७ मीटर आत, पायावर बसवायचा आहे. आणि दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला की रुईच्या गाठी ट्रकमध्ये भरायच्या आहेत. त्यासाठी १२ टनी हायड्रा (वजन लटकवून चालू शकणारी चाकांची क्रेन) आणि ३ टनी फोर्कलिफ्ट भाड्याने घ्यावी, की यांतले काही विकतच घ्यावे, असे आपण विचारले आहे. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील जिनिंग व दाल मिलमध्ये मी २६ वर्षे देखभालीचे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या प्रश्नातील सर्वांत काळजीचे वाक्य म्हणजे ‘सिलिंडर साडेचार टनांचा आणि क्रेन १२ टनांची, म्हणजे भरपूर झाले’. हायड्राच्या अंगावर रंगवलेला १२ चा आकडा बूम म्हणजे क्रेनचा लांब हात पूर्ण आत घेतलेला असताना, वजन पुढच्या चाकांच्या अगदी जवळ असताना, सपाट व टणक जमिनीवर आणि क्रेन जागेवर उभी असतानाचा असतो. बूम जसजसा लांब करावा तसतशी क्षमता झपाट्याने घटते, आणि ७ मीटरवर पोहोचेपर्यंत कित्येकदा लिहिलेल्या आकड्याचा चौथा हिस्साही उरत नाही. त्यातही वजन लटकवून क्रेन चालवायची असेल तर आकडा आणखी खाली येतो. ही सारी माहिती प्रत्येक क्रेनच्या भार-तक्त्यात म्हणजे लोड चार्टमध्ये दिलेली असते आणि तो तक्ता केबिनमध्ये लावलेला असायला हवा. भाडे ठरवताना फोनवर ‘किती टनांची आहे’ असे विचारू नये. ‘माझ्या अंतरावर आणि माझ्या उंचीवर ती किती उचलते, ते तक्त्यावर दाखवा’ असे विचारावे. बूमला शेडच्या दाराखालून आत शिरायचे आहे, त्यामुळे तो हवा तितका वर उभा करता येणार नाही, हेही त्याच फोनवर सांगावे.

म्हणून माझे मत असे आहे की आपल्या कामात हायड्राने सिलिंडर ट्रकवरून उतरवून दारातच, शेडच्या काँक्रीटवर ठेवावा आणि तिचे काम तिथेच संपवावे. पुढचे ७ मीटर जाड पाइपांच्या रुळांवर जॅक आणि पहारीच्या साहाय्याने सरकवत न्यावे आणि पायावर बसवण्यासाठी सुटे पाय असलेली गॅन्ट्री (पायांवर आडवी तुळई असलेला लोखंडी सांगाडा) भाड्याने आणून तिच्यावर चेन कुप्पी (हाताने साखळी ओढून वजन वर-खाली करण्याचे साधन) लावावी. यात एक दिवस जास्त लागतो, परंतु वजन सारा वेळ जमिनीपासून हातभर अंतरावर राहते आणि बोल्टच्या भोकांत सिलिंडर उतरवताना चेन कुप्पीने जी सूत-सूत उतरवणी साधते ती हायड्राने साधत नाही. गॅन्ट्री आणि कुप्पी दोन्ही किमान ५ टनी असाव्यात, आणि सिलिंडर वजनकाट्यावर त्याहून जड निघाला तर पुढचे माप घ्यावे. भाडे वाचवण्यासाठी कुप्पी शेडच्या कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्याला, टांगण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो कृपया ऐकू नये. कैची पत्र्याचे वजन आणि वाऱ्याचा जोर सोसण्यासाठी बांधलेली असते. मधोमध साडेचार टन टांगण्याचा हिशेब तिच्या रचनेत कोणीही केलेला नसतो.

साडेचार टन हा आकडा आपल्याला विकणाऱ्याने सांगितला आहे, आणि जुन्या मालाच्या बाबतीत त्यावर विसंबून राहू नये. जिनिंगच्या आवारात वजनकाटा असतोच. ट्रक आत येताना आणि रिकामा होऊन बाहेर जाताना काट्यावर घ्यावा, म्हणजे सिलिंडरचे वजन कळेल. मात्र रिकाम्या ट्रकचे वजन उतरवल्यानंतर कळून उपयोग नाही, म्हणून तो माल भरण्याआधी कुठल्यातरी काट्यावर तोलून चिठ्ठी सोबत आणण्यास चालकाला बजावावे. ताळा म्हणून गणितही करावे. पोलादाचे वजन घनमीटरला ७,८५० किलो धरतात. बाहेरचा व्यास ६० सेंटिमीटर, आतला ४० आणि लांबी ३ मीटर असलेली पोकळ नळी सुमारे ३,७०० किलो भरते; दट्ट्या, झाकणे आणि आत राहिलेले तेल त्यात वेगळे धरावे लागते. तेवढ्या पोकळीत तेल काठोकाठ भरलेले असेल तर तेच सव्वातीनशे किलोंच्या आसपास जाते, म्हणून ते आधी काढून घ्यावे. क्रेनचा हुक, शॅकल (जोडकडी) आणि वायर रोप यांचे वजनही क्रेनलाच उचलायचे असते.

आता वजन हुकाला बांधण्याच्या पट्ट्यांविषयी म्हणजे बेल्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण क्रेन तपासणारे लोकही इथे चुकतात. साडेचार टनांचे वजन दोन बेल्टवर घेतले की प्रत्येकावर सव्वादोन टन येतील असे वाटते, पण ते बेल्ट सरळ उभे असतील तरच. दोन्ही बेल्ट एका हुकात येऊन तिरपे झाले आणि आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन झाला तर प्रत्येकावर २.६ टन येतात, ४५ अंशांना ३.२ टन होतात आणि ३० अंशांना प्रत्येक बेल्टवर पूर्ण साडेचार टन येतात. बेल्टच्या रंगावरून क्षमता कळते : हिरवा २ टन, पिवळा ३ टन, लाल ५ टन. ६० अंशांना पिवळा चालेल असे वरवर दिसते. परंतु सिलिंडर गोल आहे, तो निसटू नये म्हणून बेल्टचा फास आवळावा लागतो, आणि फास आवळला की क्षमता ८० टक्के उरते. पिवळ्याचे ३ टन २.४ वर येतात आणि गरज २.६ ची आहे. म्हणून दोन लाल बेल्ट घ्यावेत, कोन ६० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये आणि फ्लँजच्या (सिलिंडरच्या बाहेर आलेल्या कड्याच्या) धारेवर बेल्ट टेकत असेल तिथे जाड रबराचा तुकडा घालावा. शिवण उसवलेला, कडेने कापलेला किंवा क्षमतेची चिठ्ठी गळून पडलेला बेल्ट हाती आला तर परत करावा. वायर रोपच्या टोकाला यू-क्लॅम्प मारून केलेला फास असेल तर एवढे पाहावे की यू-बोल्टची वाकडी बाजू दोराच्या दुमडून आलेल्या आखूड टोकावर आणि खोबणीची बसक बाजू वजन पेलणाऱ्या लांब दोरावर आहे. उलट मारलेला क्लॅम्प वजन पेलणारा दोरच चिरडतो.

यापेक्षाही मला आपल्या आवाराची अधिक चिंता वाटते. भाद्रपदात आपली काळी माती पोटभर पाणी प्यालेली असते. तीन-चार दिवस ऊन पडले की वरची पापडी वाळते, भेगाही दिसू लागतात, आणि हातभर खाली मात्र लोणी असते. काही वर्षांपूर्वी एका दाल मिलमध्ये परतीचा पाऊस नुकताच थांबला असताना आम्ही सुमारे २ टनांचा गिअरबॉक्स १४ टनी हायड्राने उचलत होतो. वजन नगण्य म्हणून जमिनीची चौकशी मी केली नव्हती. पुढचे डावे चाक बुजवलेल्या शोषखड्ड्यावर आले. टायरच्या कडेने माती ओठासारखी वर आली, तिच्यातून पाणी पाझरले आणि बूम एका बाजूला कलला. गिअरबॉक्स झोका घेऊन खांबावर आदळला. ज्या मुलाने त्याला हाताने आधार दिला होता त्याने क्षणभर आधी हात काढला म्हणून त्याची बोटे वाचली. त्या दिवसापासून लटकत्या वजनाला मी कोणालाही हात लावू देत नाही. दोन्ही टोकांना दोर बांधून लांबूनच वळवायला लावतो. चाक खचते तेव्हा क्रेन वजनाच्या दिशेने झुकते, झुकल्यामुळे वजनाचे अंतर वाढते, अंतर वाढल्यामुळे क्षमता आणखी घटते, आणि हे सारे सावरायला वेळ मिळण्याआधी होऊन जाते.

म्हणून फाटकापासून शेडच्या दारापर्यंतचा रस्ता आणि क्रेन उभी राहणार ती जागा आजच आखून घ्यावी. जुन्या कारखान्यात बुजवलेली विहीर, संडासाची टाकी किंवा पाण्याची नाली नेमकी कुठे आहे हे जुन्या चौकीदाराला आणि हमालांना विचारावे, कारण ते नकाशावर नसते. लोखंडी सब्बल हाताच्या जोराने टोचून पाहावी. ती सहज वीतभर शिरली तर तिथे क्रेन उभी करू नये. काळी माती फूट-दीड फूट काढून मुरूम भरावा, पाणी मारून रोलरने दाबावा आणि चाकांखाली रेल्वेचे लाकडी स्लीपर किंवा जाड लोखंडी पत्रे पसरावेत. आवारावरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर महावितरणकडे आधी अर्ज करून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यावा. बूम तारेला टेकण्याची गरज नसते, जवळ गेला तरी वीज उडी मारते.

गाठींच्या कामाकडे येतो. रुईची गाठ १७० किलोंची असते. एका वेळी दोन गाठी म्हणजे ३४० आणि चार म्हणजे ६८० किलो, त्यामुळे ३ टनी फोर्कलिफ्टची आपल्याला गरज नाही. दोन टनी पुरेल. फोर्कलिफ्टचा आकडाही अंतरावर बेतलेला असतो. या मापाच्या यंत्रांत तो माल उचलणाऱ्या पुढच्या काट्यांच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर वजनाचा मध्य धरून दिलेला असतो, आणि गाठ दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा क्लॅम्प लावला की त्याचे स्वतःचे वजन व जाडी वजा जाऊन क्षमता घटते. क्लॅम्पसह क्षमता दाखवणारी पाटी यंत्रावर आहे का, ते पाहावे. क्लॅम्प मात्र घ्यावाच, कारण गाठीच्या पट्टीत हुक अडकवून उचलण्याची सवय घातक आहे. ताणलेली पट्टी तुटली की चाबकासारखी तोंडावर येते. शक्य असेल तर बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे. डिझेलचे घ्यावे लागले तर धुराड्याला ठिणगी-रोधक हवा आणि इंजिनावर साचलेली रुई दर पाळीला झटकली गेली पाहिजे, कारण जिनिंगमध्ये एक ठिणगी पुरते. मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा खांब) पूर्ण खाली घेतल्यावरची उंची दारातून जाते का, हे टेपने मोजावे. भरीव टायरचे यंत्र काँक्रीटसाठी असते, मुरमाच्या आवारात हवेचे टायर लागतात.

हमालांविषयी एक विनंती आहे. चौघे मिळून गाठ उचलतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला साडेबेचाळीस किलो येतात असे कागदावर दिसते, पण ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना बहुतेक भार खालच्या दोघांवर येतो. यंत्र आणल्याने त्यांच्या पाठी वाचतील, परंतु रोजी जाईल ही भीतीही त्यांना वाटेल. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. यंत्र दारात येण्याआधी मुकादमाला बोलावून थर लावणे, मोजणी आणि ट्रकमधील मांडणी यांची कामे व त्यांचे दर ठरवावेत.

विकत घ्यावे की भाड्याने, याचे उत्तर कामाच्या दिवसांवरून मिळते. सिलिंडरचे काम दोन-तीन दिवसांचे आहे, त्यामुळे हायड्रा आणि गॅन्ट्री भाड्यानेच घ्यावी. फोर्कलिफ्ट नोव्हेंबर ते मार्च चालेल आणि उरलेले महिने उभी राहील, म्हणून पहिला हंगाम महिनेवारी भाड्यावर काढावा आणि रोजचे प्रत्यक्ष चाललेले तास वहीत लिहावेत. खरेदीचा निर्णय त्या वहीवरून करता येईल. बेल्ट, शॅकल आणि एक चेन कुप्पी मात्र स्वतःची असावी, कारण भाड्याच्या क्रेनसोबत येणारे साहित्य कोणत्या कामावरून आले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. चेन कुप्पी घेताना आयएस ३८३२ चा शिक्का पाहावा.

हायड्रा नागपूर-बुटीबोरीकडून किंवा कोळसा आणि सिमेंटच्या कामांमुळे वणी-चंद्रपूरकडून मिळते. दोन्हीकडे विचारताना आणण्या-नेण्याचे भाडे, किमान तास, डिझेल, चालक व खलाशाचा खर्च, आणि यंत्र बिघडल्यास वाया गेलेला वेळ कोणाचा, हे लेखी घ्यावे. विमा, नोंदणी, चालकाचा परवाना आणि तपासणीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती आधी मागवाव्यात. उचल यंत्रे, साखळ्या, दोर यांवर सुरक्षित भार लिहिलेला असावा आणि त्यांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणी व्हावी, ही शिस्त १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने घालून दिली होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. यंत्र भाड्याचे असले तरी कारखान्याच्या आवारात ते वापरले जात असताना जाब कारखाना चालवणाऱ्यालाच विचारला जातो. उचलीच्या दिवशी वजन वीतभर उचलून दोन मिनिटे थांबावे, चाकांखाली पाहावे, बेल्टचे फास पाहावेत, ब्रेक वजन धरून ठेवतो का पाहावे आणि मगच पुढे जावे. खूण एकाच माणसाने करावी.

पाऊस उघडला की पहिल्यांदा मुरमाचे काम हाती घ्यावे, कारण त्याला बसायला वेळ लागतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी क्रेनमालकाकडून भार-तक्त्याचा फोटो मागवावा. तो आला की दाराची उंची, ट्रक उभा राहील ती जागा आणि दारातील उतरवण्याच्या जागेपर्यंतचे अंतर यांसह इथे कळवावे. आपल्या अंतरावरचा आकडा मी काढून देईन.