जुन्या क्लॅरनेटचे खालचे सूर चिरकतात आणि मधला बी फ्लॅट कोंडल्यासारखा येतो. सगळी पॅडं (भोकं झाकणाऱ्या कींच्या, म्हणजे दांड्यांच्या, खालच्या मऊ गाद्या) बदलावीत का?

नको, इतक्यात नको. मी बदलली होती. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायला लागलो तेव्हा घेतलेलं जुनं बी फ्लॅट क्लॅरनेट असंच होतं. वर गोड, खाली उतरलं की कोंबडं आरवल्यासारखं. एका कारागिराने सगळी पॅडं नवी बसवून दिली, पैसे घेतले, आणि घरी येऊन वाजवतो तर कोंबडं तिथेच. दोष कुठे होता ते पुढे सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगळी असतात. हवा गळत असेल तर गळतीच्या खालचे सगळे सूर बिघडतात. एखादाच सूर दबका येत असेल, तर बहुतेक वेळा हवेला बाहेर पडायची वाट अरुंद झालेली असते. म्हणून आधी मोकळ्या जी पासून (एकही भोक न झाकता येणारा सूर) एकेक सूर खाली उतरत जा आणि पहिला वाईट सूर कुठे लागतो ते बघा. गळती त्या सुराच्या वर, बहुतेक जवळच असते. त्याआधी रीड (माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी) बदलून बघा, टोक चिरलेल्या रीडपायी मी एकदा अख्खा रविवार घालवलाय. आणि वाजवून झाल्यावर बोटांच्या पेरांवर भोकांचे गोल वळ पूर्ण उमटलेत का तेही बघा. अर्धा वळ म्हणजे भोक झाकलंच गेलं नव्हतं.

मग ओढून बघायची परीक्षा. माउथपीस आणि त्याखालचा छोटा तुकडा, म्हणजे बॅरल, काढा. मधले दोन लांब तुकडे म्हणजे वरचा आणि खालचा जॉइंट. वरच्या जॉइंटची तीन भोकं आणि अंगठ्याचं भोक डाव्या हाताने झाका, खालचं तोंड उजव्या तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. तीन-चार सेकंद पोकळी टिकली आणि तोंड काढताना टप् असा आवाज आला तर तो जॉइंट चांगला. खालच्या जॉइंटला उजव्या हाताची तीन बोटं लावा, करंगळीने सगळ्यात खालच्या ई ची की दाबा आणि बेलकडचं (खालच्या भोंग्याकडचं) तोंड डाव्या तळहाताने बंद करा. (जुनं वाद्य आहे, आधी पुसून घ्या. काय काय तोंडात येतं ते विचारू नका.)

दोन्ही जॉइंट सुटे सुटे दम धरतात पण जोडल्यावर वाजत नाही, असं झालं तर मधला पूल बघा. खालच्या जॉइंटची पट्टी वरच्या पट्टीला टेकते ना, तोच. तो वाकला असेल किंवा तुम्ही जॉइंट जरासे तिरके जोडले असतील, तर वरचं पॅड आधी बसतं आणि खालच्या रिंगा (भोकांभोवतीची कडी) पूर्ण दबतच नाहीत.

एकच जॉइंट गळत असेल तर सिगारेटचा पातळ कागद घ्या आणि दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टी कापा. पट्टी पॅडखाली सरकवा, की हलकेच मिटा आणि पट्टी ओढा. प्रत्येक पॅडच्या चारही बाजूंनी हे करायचं. तीन बाजूंनी कागद अडकतो आणि चौथ्या बाजूने लोण्यातून सुरी निघावी तसा निघून येतो, तिथे गळती. जोर लावून दाबू नका. जोर लावला की वाईट पॅडही चांगलं ठरतं. नेहमी मिटलेल्या कींना तर हातच लावायचा नाही, त्यांची स्प्रिंगच पॅड धरते की नाही हेच बघायचं असतं. खालच्या जॉइंटवर करंगळीची दोन मोठी पॅडं एकाच वेळी बसतात का हेही कागदाने तपासा, तिथे बारीकसा फरकही खालच्या ई ला पुरतो.

याहून सोपी युक्ती म्हणजे मदतीला माणूस घ्या. तुम्ही खालचा एफ धरून फुंकत राहा आणि त्याला मिटलेल्या पॅडांवर एकेक करून बोट दाबायला सांगा. माझ्या पुतण्याने असंच दाबत दाबत वरच्या जॉइंटवरच्या ए फ्लॅटच्या पॅडवर बोट ठेवलं आणि सूर एकदम भरून आला. आम्ही दोघेही दचकलो. शेजारच्या ए की वर एक बारीक स्क्रू असतो, तो कोणीतरी जास्त पिळला होता. त्यामुळे ए फ्लॅटची की केसभर उचललेलीच राहायची. पाव फेरा मागे घेतला, काम झालं. सगळी नवी पॅडं फुकट!

आता कोंडलेला सूर. मधला बी फ्लॅट या वाद्यात मुळातच दुबळा असतो. त्याचं भोक म्हणजे रजिस्टर कीची (अंगठ्याजवळची, वरचे सूर काढणारी की) बारीक नळी. तिला वरची सप्तकं उघडायचंही काम करावं लागतं आणि हा सूरही द्यावा लागतो, त्यामुळे दोन्हींत तडजोड होते. पण तो फारच कोंडला असेल तर नळीत कपड्याचे धागे आणि मळ साठलेला असतो. ती नळी आत भोकात पुढे आलेली असते, पुसायच्या फडक्याचे धागे तिथेच अडकतात. की काढून पाइप क्लीनरने साफ करा, तार घालू नका. वाजवताना उजव्या हाताची दोन-तीन बोटं खाली ठेवली तर तोच सूर जरा गोल होतो, चालतं तसं.

दुसरा कोणता सूर दबका असेल, तर त्याच्या लगेच खालचं उघडं पॅड किती वर उभं राहतं ते बघा. मधला सी आणि खालचा एफ दबके आणि जरा उतरलेले वाटले, तर सगळ्यात खालचं मोठं पॅड भोकावर फार खाली लोंबत असतं. पावसाळ्यात फेल्ट (लोकरीचं जाड कापड) फुगलं की असं होऊ शकतं. गुडगुड ऐकू आली तर मात्र भोकात पाणी आहे, फुंकून काढा आणि कागदाने टिपा.

मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर गल्लीगल्लीत, पण क्लॅरनेटचा माणूस शोधावा लागतो, म्हणून हे सगळं स्वतः शिकावं लागलं. दुकानात जाणारच असाल तर कोणतं पॅड, कोणत्या बाजूने गळतं, हे कागदावर लिहून न्या. आणि स्क्रू फिरवायच्या आधी त्याची खाच कुठे होती तिथे पेन्सिलने बारीक रेघ ओढून ठेवा. मी ओढली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा उलटाच पिळला गेला आणि ए सुद्धा बंद पडला.